जळगावला उतरलात तर काय खायचं आणि कसं मागायचं

माझं माहेर यावल तालुक्यातलं, सासर पुण्याचं. अजिंठ्याला निघालेली ओळखीची माणसं मला आधी फोन करतात, कारण जळगावला गाडीतून उतरायचं आणि तिथून साठेक किलोमीटरवर लेणी, हा सोयीचा रस्ता आहे. परत आल्यावर मी विचारते, "जेवलात काय?" आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, पनीर आणि तंदुरी रोटी. मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून प्रत्येकाला फोनवर जे सांगते ते एकदाच नीट लिहून काढते आहे.

खान्देशात काय खायचं ते तुम्ही कधी जाताय यावर ठरतं. दिवाळी झाली, थंडी पडली की भरीत. ते महाशिवरात्रीच्या आसपासपर्यंत चांगलं मिळतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी बारा महिने. मे महिन्यात उतरून भरीत मागाल तर मिळेलही, पण ते खाऊन भरताबद्दल मत बनवू नका.

भरताबद्दल जरा जास्त बोलते. यासाठी वांगं जांभळं लागत नाही. पोपटी हिरवं, अंगावर पांढरट रेघा, हाताच्या पंज्यापेक्षा मोठं आणि आत बिया अगदी थोड्या. जळगावच्या या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या भागात बामणोद आणि असोद्याच्या वांग्यांचं नाव घेतात. असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर, जळगावला लागूनच. बाजारात वांगं हातात घेऊन बघा. दिसायला मोठं पण वजनाला हलकं असेल तर उत्तम, जड वांग्यात बिया निघतात असं माझी माय सांगायची आणि मी आजही तसंच निवडते.

वांगी भाजतात ती तुरीच्या काड्यांवर, नाहीतर कपाशीच्या पऱ्हाट्यांवर. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येतच नाही. भाजून सोललं की लाकडाच्या खोलगट बडगीत घालून कुटतात. हिरवी मिरची आणि लसूण आधी ठेचलेली असते. मग शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर आणि तेल. टोमॅटो नाही, हळद नाही. तयार भरीत हिरवट-पांढरं दिसलं पाहिजे. पिवळं किंवा लालसर दिसलं तर दुसरं दुकान बघा.

हिवाळ्यात जळगावात खास भरताची दुकानं चालतात आणि तिथे भरीत किलोवर विकतात. दुकानात शिरल्यावर आधी एवढंच विचारा, "भाऊ, वांगी कशावर भाजता?" काड्यांवर भाजणारा माणूस आनंदाने मागच्या बाजूला नेऊन दाखवतो. दोघांना पाव किलो पुरत नाही, अर्धा किलो घ्या. सोबत कळण्याची पुरी मागा. तिखट सोसत नसेल तर ते कुटण्याआधी सांगावं लागतं, कारण मिरची आतच कुटलेली असते, वरून कमी करता येत नाही. ओळखीतल्या कुणाचं शेत असेल आणि त्यांनी भरीत पार्टीला बोलावलं, तर लेणी दुसऱ्या दिवशी बघा. शेतात विहिरीजवळ काड्यांचा जाळ, केळीच्या पानावर भरीत, बाजूला कांदा आणि मुळा. याची बरोबरी कुठलंच दुकान करत नाही.

कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट काळे उडीद घालून दळलेलं पीठ. आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद आणि दळतानाच मीठ. भाकरी जराशी काळपट होते आणि नुसत्या ज्वारीपेक्षा चवीला खमंग लागते. सोबत ठेचा, कच्चं तेल, कांदा. जेवणाच्या ठिकाणी ती यादीत लिहिलेली नसली तरी विचारा. सकाळी सांगून ठेवलं तर संध्याकाळी करून देणारे बरेच आहेत. मी तर खान्देशात सगळीकडे हेच करते. सकाळी चहाला जाते तेव्हाच संध्याकाळच्या जेवणाचं बोलून येते. वरण-बट्टी, फुणके-कढी (डाळीचे वाफवलेले मुटके आणि कढी), डुबुकवडे (रश्श्यात शिजवलेले बेसनाचे वडे) हे पदार्थ आयत्या वेळी मिळत नाहीत, पण आधी सांगितलं तर मिळतात, आणि तेही घरच्यासारखे.

शेवभाजीची माझी युक्ती मात्र माझी नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसने माहेरी चालले होते, समोरच्या बाकावर कोल्हापूरच्या एक काकू होत्या. मनमाडपर्यंत आम्ही खाण्याशिवाय दुसरं काही बोललो नाही. त्या म्हणाल्या, "मिसळ मागताना कट वेगळा मागायचा, म्हणजे फरसाण कुरकुरीत राहतं आणि तिखट आपल्या हातात राहतं." मी त्यांना भरताचा डबा उघडून दिला आणि हे वाक्य घेऊन घरी गेले. तेव्हापासून शेवभाजी मागताना मी सांगते, "शेव वेगळ्या वाटीत द्या." शेव रश्श्यात आधीपासून पडून राहिली की तिचा लगदा होतो आणि रस्सा शोषून घेते. वेगळी असली की चार घास झाले की मूठभर टाकायची, पुन्हा चार घास, पुन्हा मूठभर. रस्सा भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचा आणि काळ्या मसाल्याचा हवा, वर तेलाचा तवंग हवा. घरी करायला शेव नेणार असाल तर दुकानात "भाजीची शेव" म्हणून मागा. ती जाड आणि तिखट असते. चिवड्यात घालतात ती बारीक शेव या रश्श्यात टिकत नाही.

वरण-बट्टी मिळाली तर हाताने खा. बट्टी आधी उकडून मग कापून तळलेली असते. ती बोटांनी पूर्ण चुरायची, मग तुरीचं साधं वरण घालायचं, मग तूप, आणि शेवटी कडेने वांग्याची घोटलेली भाजी. अर्धवट चुरली तर वरण आत जात नाही. पंगतीत वाढणारा तुपाची धार धरतो तेव्हा लगेच हात आडवा करू नका, बट्टीला तूप लागतंच.

खापरावरची पुरणपोळी, म्हणजे आमचे मांडे. ही पोळी लाटण्याने होत नाही. पुरण भरलेला सैल गोळा बाई दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरत नेते आणि चुलीवर उलट्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकते. ही कला सगळ्यांना येत नाही, माझ्या आईला यायची, मला येत नाही. ऑर्डरवर करून देणाऱ्या बायका आहेत, पण आखाजीच्या आठवड्यात त्यांच्याकडे आधीच नोंदणी झालेली असते. म्हणून चार दिवस आधी कुणाच्या तरी ओळखीने सांगून ठेवा. पोळी गरम असतानाच तिची घडी घालतात. खाताना रसात बुडवा, आणि जेवणात दुसरं काही घेऊ नका, पोटात जागा उरत नाही.

भुसावळहून फैजपूर, सावदा, रावेरकडे जाणार असाल तर दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागतात. रस्त्याकडेला ताजे वेफर्स तळून मिळतात. कढईतून निघालेले घ्या.

आता पार्सल. भरीत पुण्या-मुंबईला नेता येतं, पण मी एकदा दोन किलो गरम भरीत घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं आणि रात्रभराच्या प्रवासात सगळं आंबलं. तेव्हापासून दुकानदाराला सांगते की कांद्याची पात आणि कोथिंबीर न घालता द्या. भरीत परातीत पसरून पूर्ण गार करते, मगच डब्यात भरते. पात धुऊन, पुसून, कागदात वेगळी बांधून घेते. घरी पोचल्यावर पळीभर तेल गरम करून त्यात पात जराशी परतायची आणि भरतात मिसळायची. हिवाळ्यात संध्याकाळच्या गाडीने नेलेलं भरीत असं केलं तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला चांगलं राहतं. पुऱ्या मात्र नेऊ नका, चिवट होतात. त्याऐवजी किलोभर कळण्याचं पीठ बांधून घ्या आणि घरी गरम भाकऱ्या थापा.