चौथ्या वर्षातला खेळाडू ट्रेड करताना

एनबीएत (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चौथा हंगाम सुरू होण्याआधी वाढवला नाही, तर फेब्रुवारीच्या ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) मुदतीआधीच निर्णय घ्या. तेव्हा त्याच्यासोबत ऑफर मॅच करण्याचा, म्हणजे करार संपल्यावर दुसऱ्या संघाने देऊ केलेलाच करार देऊन त्याला राखण्याचा, हक्कही नव्या संघाकडे जातो. खरी किंमत त्याचीच, ती पुरेपूर वसूल करा. जुलैत साइन-अँड-ट्रेडला (नवा करार करून लगेच ट्रेड करणं) खेळाडूची संमती लागते. त्याने क्वालिफाइंग ऑफर (जुन्या संघाने देऊ केलेला एका वर्षाचा करार) स्वीकारली, की वर्षभर त्याच्या होकाराशिवाय ट्रेडच नाही.

करार वाढवून लगेच विकणं आणखी अवघड. समजा, यंदाचा पगार 80 लाख डॉलर, पुढची चार वर्षं मिळून 10 कोटी. देणाऱ्याच्या हिशेबात 80 लाखच, घेणाऱ्याच्या हिशेबात पाच वर्षांची सरासरी, 2 कोटी 16 लाख. ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंचे पगार साधारणपणे जुळावे लागतात, म्हणून अनेक सौदे इथेच फिसकटतात.