छोट्या स्पिनिंग रिळावर दोरा कोणता आणि कसा भरावा

मासेमारीच्या स्पिनिंग रिळाचं स्पूल, म्हणजे दोरा ज्यावर गुंडाळतात ती फिरकी, फेकताना जागचं हलत नाही आणि गुंडाळतानाही स्वतःभोवती फिरत नाही. फेकताना दोऱ्याची वेटोळी पुढच्या काठावरून एकेक करून निसटतात आणि गुंडाळताना बेल नावाची तारेची कमान दोरा स्पूलभोवती फिरवत नेते. या रचनेमुळे दोऱ्याला पीळ बसतोच. 1000 ते 2500 क्रमांकाच्या रिळांचं स्पूल लहान, म्हणून वेटोळीही लहान आणि घट्ट. मोठ्या रिळावर खपून जाणारी भरणीतली चूक इथे पहिल्या काही फेकींतच गुंता बनून पुढ्यात येते.

दोरा निवडताना

दोरा घेताना आधी जाडी बघा, किलोचा आकडा, म्हणजे तो किती ओढ सोसतो, हे नंतर. स्पूलवर किंवा खोक्यावर 0.25/140 असं काही छापलेलं असतं. म्हणजे 0.25 मिमी जाडीचा दोरा 140 मीटर मावेल. दुसऱ्या जाडीचा किती मावेल हे वर्गाच्या हिशेबाने निघतं: छापील जाडीला हव्या असलेल्या जाडीने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि त्याने मीटर गुणा. याच स्पूलवर 0.20 मिमीचा दोरा जवळपास 220 मीटर बसतो.

नायलॉन, म्हणजे आपला तंगूस, नवशिक्यासाठी सगळ्यात सोयीचा. तो ताणला जातो, त्यामुळे मासा हिसका देतो तेव्हा थोडा धक्का पचवतो, आणि गाठही चांगली धरतो. 1000 च्या रिळाला 0.16 ते 0.20 मिमी, 2000 ते 2500 ला 0.20 ते 0.25 मिमी पुरे. त्याहून जाड घेतला तर छोट्या स्पूलवर तो स्प्रिंगसारखा उसळतो आणि वेटोळी आपोआप सुटतात.

फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतो, लवकर बुडतो आणि घासणं सोसतो, पण ताठ असतो. पूर्ण स्पूल त्याने भरण्यापेक्षा पुढे लीडर, म्हणजे मुख्य दोऱ्याच्या टोकाला जोडायचा छोटा तुकडा, म्हणून लावावा हे बरं.

ब्रेड म्हणजे विणलेला दोरा. तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा तो खूप बारीक असतो, जवळपास ताणला जात नाही आणि पाण्यावर तरंगतो. 0.08 ते 0.14 मिमीचा ब्रेड छोट्या रिळावर लांब जातो. मात्र लेबलवरच्या जाडीवर फार विसंबू नका. ब्रेड पूर्ण गोल नसतो, दाबला की चपटा होतो, आणि छापलेला आकडा बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा कमीच असतो.

ब्रेडखाली नायलॉन

गुळगुळीत धातूच्या स्पूलवर ब्रेड थेट बांधला तर मासा ओढू लागताच दोऱ्याचा सगळा गठ्ठा स्पूलभोवती घसरतो. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढतो तेव्हा दोरा हळूहळू सोडणारा रिळाचा ब्रेक, बिघडल्यासारखा वाटतो, पण दोष तळच्या गाठीजवळ असतो. स्पूलवर रबराची पट्टी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर तळाशी नायलॉन भरा आणि त्याला ब्रेड दुहेरी युनी गाठीने जोडा.

किती नायलॉन? वरच्याच स्पूलवर 0.12 मिमीचा 150 मीटर ब्रेड सुमारे 35 मीटर नायलॉनइतकी जागा घेतो. म्हणजे 0.25 चा नायलॉन अंदाजे 105 मीटर. अंदाज नको असेल तर तसंच दुसरं स्पूल हाताशी घ्या. त्यावर आधी ब्रेड, मग काठापर्यंत नायलॉन भरा, नायलॉन तिथेच कापा आणि सगळं उलटं मूळ स्पूलवर घ्या.

भरण्याची पद्धत

रीळ रॉडला लावा. दोऱ्याचं टोक रॉडच्या कड्यांतून शेंड्याकडून रिळाकडे आणा. मग बेल उघडा. ही पायरी विसरून आधी गाठ मारली, की हँडल फिरतं आणि दोरा मात्र स्पूलवर येत नाही.

टोक स्पूलभोवती फिरवा, त्याच टोकाने मुख्य दोऱ्याभोवती साधी गाठ मारा आणि टोकाच्या शेवटी आणखी एक साधी गाठ घाला. ओलं करून ओढा. पहिली गाठ सरकून स्पूलला आवळते आणि दुसरी तिला अडवते. उरलेलं शेपूट 2 मिमी ठेवून कापा, बेल बंद करा आणि स्पूल घसरू नये म्हणून ड्रॅग तात्पुरता आवळा.

आता पिळाचा मुद्दा. दोरा ज्या चकतीवर विकत मिळतो ती जमिनीवर आडवी, लेबल वर करून ठेवा. चकतीवरून वेटोळी ज्या दिशेने सुटतात, ती रीळ गुंडाळताना घालतं त्या पिळाला उलट हवी, म्हणजे दोन्ही एकमेकांना खोडतात. 15 ते 20 वेढे घ्या, थांबा, रॉडचा शेंडा चकतीकडे नेऊन मीटरभर दोरा सैल सोडा. तो सरळ लोंबला तर ठीक. स्वतःभोवतीच आवळून वेटाळू लागला तर चकती उलटी करा. चकतीत पेन्सिल घालून ती फिरवत दोरा सोडण्याची पद्धत अनेकजण वापरतात. त्यात चकती फिरते, रिळाने घातलेला पीळ मात्र तसाच राहतो. ब्रेड मऊ असल्याने तो हे सहन करतो, नायलॉन करत नाही.

रिळाच्या पुढे दोरा ओल्या फडक्यात चिमटीने धरा आणि एकसारख्या वेगाने गुंडाळा. उघड्या बोटांत ब्रेड धरू नका, तो कातडी कापतो. त्याला ताणही नायलॉनपेक्षा जास्त लागतो, नाहीतर जोरात ओढलेला वेढा खालच्या सैल वेढ्यांत रुततो आणि पुढची फेक मध्येच अडकते.

नायलॉन काठाच्या खाली 2 ते 3 मिमी राहील इतका भरा. ब्रेडला 1.5 ते 2 मिमी पुरतात. कमी भरला तर प्रत्येक वेढा काठावर घासून फेक आखडते, काठोकाठ भरला तर वेटोळ्यांचा झुपका एकदम सुटतो. मोह जास्त भरण्याचाच होतो.

दोरा पुढच्या काठाकडे ढिगासारखा जमत असेल तर स्पूलखाली एक पातळ वॉशर वाढवा. मागे जमत असेल तर एक काढा.

भरून झाल्यावर

ब्रेडपुढे 60 सेंमी ते 1 मीटर फ्लोरोकार्बन लीडर जोडा. ड्रॅग ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा, म्हणजे 3 किलोच्या दोऱ्याला 750 ग्रॅम ते 1 किलो. दोरा स्प्रिंगच्या काट्याला बांधून हळू ओढला की कळतं.

फेकल्यावर बेल हाताने बंद करा आणि सैल दोरा बोटाने ताणून मगच हँडल फिरवा. वाऱ्यातल्या गाठी बहुतेक या पहिल्या सैल वेढ्यामुळे होतात. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहिलात तर प्रत्येक फेरीला नवा पीळ पडतो, म्हणून मासा ओढतो तेव्हा हात थांबवा.

पीळ साचलाच तर गरी, शिसं, स्विव्हल सगळं काढून मोकळा दोरा चालत्या होडीमागे 50 ते 60 मीटर सोडा आणि काही मिनिटांनी ओल्या फडक्यातून परत घ्या. होडी नसेल तर मोकळ्या गवतावर पसरूनही चालतं. नायलॉन उन्हाने कमजोर होतो, नियमित वापरात वर्षाला बदला. ब्रेडचं पुढचं टोक झिजलं की तो उलटा करून पुन्हा भरता येतो. तळाशी राहिलेला भाग तेव्हा जवळपास नवाच असतो.