दवाखान्याच्या पायऱ्या आणि रॅम्पचं गणित

दातांचा दवाखाना तळमजल्यावरच, पण दारात दोन पायऱ्या. मग व्हीलचेअरवरच्या पेशंटला चौघांनी उचलायचं, आणि पेशंटनं ओशाळं हसायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कक्षेत खासगी आरोग्यसेवाही येते, तेव्हा हे टाळाच.

1. पायऱ्यांची एकूण उंची मोजा, 12 ने गुणा. 6 इंचाला 6 फूट रॅम्प, 12 इंचाला 12 फूट. फॅब्रिकेटर "तीन फुटांत बसवतो, डॉक्टर" म्हणेल. ऐकू नका, ती घसरगुंडी होते.

2. दार पूर्ण उघडून मोकळी जागा मोजा, चौकट नव्हे. 90 सेंमी हवी.

3. व्हीलचेअर डेंटल चेअरला चिकटून उभी करा, ब्रेक लावा, व्हीलचेअरचा मधला हात (आर्मरेस्ट) काढा, दोन्ही बैठका एका उंचीवर आणा. मधे गुळगुळीत फळी ठेवली की पेशंट बरेचदा स्वतःच सरकतो. आधी त्यांनाच विचारा, रोजची सवय त्यांना असते.

काखेत हात घालून मात्र कुणाला ओढू नका, खांदा दुखावतो.

आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी काउंटरवर पाटी-पेन ठेवा; मास्कमुळे ओठ दिसत नाहीत.