पार्किंग लाइट लावली की टेंपरेचर मीटरचा काटा वर सरकतो

जुन्या मारुती ८०० मध्ये बाहेरून घेऊन बसवलेला, इंजिनच्या तापमानाचा मीटर. लाइट बंद केली की काटा पुन्हा खाली. परभणीच्या मे महिन्यात असा खोटा काटा म्हणजे डोक्याला ताप. सेन्सर, मीटरमधला बल्ब बदलून फरक नाही. मीटर आणि बल्बची अर्थिंग एकाच गंजक्या स्क्रूवर होती, तोच दोष.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. डॅशखाली पत्र्याचा रंग खरवडा आणि मीटरची अर्थ १.५ चौरस मिमी वायरने, रिंग टर्मिनल लावून तिथे कसा. बल्बची अर्थ वेगळ्या बोल्टवर. बल्बची पॉझिटिव्ह पार्किंग लाइटच्या वायरवरून, मध्ये २ अँपिअरचा फ्यूज. निगेटिव्ह जोडा, लाइट लावा, मीटरची अर्थ ते बॅटरी निगेटिव्ह मल्टीमीटरने मोजा: ०.१ व्होल्टच्या आत हवं. एक-वायरी सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप नको, त्याची अर्थ तिथूनच जाते.