बास घुमतोय म्हणून लगेच अँप बदलू नका: कान आणि ग्राफच्या भांडणात या चुका टाळा

आमच्या हॉलमध्ये म्युझिक सिस्टीम पहिल्यांदा लागली तेव्हा बाबांनी सोफ्यावर बसून एक ख्याल लावला, काळी एकचा (म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी ज्याचा सा) गायक, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "बाकी छान आहे रे, पण तुझा तंबोरा ढोलासारखा का घुमतोय? खर्जाची तार वाजली की गवई गायबच होतो." बाबांचं अर्ध आयुष्य तंबोऱ्यासमोर गेलंय, मिरजेचा जुना तंबोरा आहे घरी, दोरा सरकवून जवारी (तारेची झंकार) स्वतः लावतात, त्यामुळे त्यांच्या कानाशी वाद घालायचा प्रश्नच नव्हता. मी काय केलं, तर आधी स्पीकरची वायर बदलली, मग स्पीकरखाली स्पाइक (टोकदार पाय) लावले, मग चांगला चालणारा अँप (अँप्लिफायर) तोट्यात विकून दुसरा आणला. खर्ज, म्हणजे तंबोऱ्याचा सगळ्यात खालचा सा, घुमतच होता. सहा महिने गेले आणि पैसे किती गेले ते घरात अजून कोणाला माहीत नाही, तेव्हा ते राहू द्या.

ही पहिली चूक आणि सगळ्यात महागडी. कानाने सांगितलं की काहीतरी बिघडलंय, ते शंभर टक्के खरं होतं. पण *कशामुळे* बिघडलंय ते कानाने सांगितलंच नव्हतं, ते मी माझ्या मनानेच ठरवलं.

शेवटी एक मित्र त्याचा आवाज मोजायचा यूएसबी माईक घेऊन आला, यूमिक-१, लॅपटॉपवर आरईडब्ल्यू टाकलं (खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे), माईक सोफ्यावर डोक्याच्या उंचीला ठेवला आणि स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) सोडला. ग्राफमध्ये ७० हर्ट्झला (सेकंदाला ७० कंपनं) आजूबाजूपेक्षा ११ डीबीचा (डेसिबलचा) सुळका. आमचा हॉल १६ फूट लांब, म्हणजे ४.८८ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, त्याला लांबीच्या दुपटीने भागा, ३५ हर्ट्झ येतात, ही खोलीची पहिली घुमण्याची जागा, आणि त्याच्या दुप्पट ७० ही दुसरी. आता काळी एकचा खर्ज किती? ६९ हर्ट्झ. म्हणजे माझ्या हॉलची लांबी आणि त्या गवयाची पट्टी यांचं बरोब्बर जमलं होतं, आणि सोफा मागच्या भिंतीला चिकटून, जिथे हा घुमारा सगळ्यात जास्त असतो तिथेच. अँप बिचारा निर्दोष!

आणि गंमत म्हणजे हे माईकशिवायही कळलं असतं. काळी दोनच्या गवयाची रेकॉर्डिंग लावली तर तंबोरा बराच नीट वाजायचा (तिथे खर्ज ७८ च्या आसपास जातो), ते माझ्या लक्षात आलं होतं पण मी ते "रेकॉर्डिंग चांगलं आहे" म्हणून सोडून दिलं. तर हे डोक्यात ठेवा, एखादाच सूर घुमत असेल आणि शेजारचे सूर ठीक असतील तर आधी खोलीवर संशय घ्या. मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप असतं, तो सिस्टीमला जोडून ३० ते १२० हर्ट्झ सावकाश फिरवा, घुमणारा टोन सापडला की तो हळू आवाजात चालू ठेवून खोलीत चाला. चार पावलांवर आवाज निम्मा झाला आणि कोपऱ्यात परत अंगावर आला तर वायर बदलून काही होणार नाहीये.

आवाज सारखा न करता तुलना

दोन अँप किंवा दोन डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला चालेल असा सिग्नल करणारी डबी) घेऊन "याचं स्टेज मोठं, याचा बास टाइट" असं आपण सगळेच बोलतो, मीही बोललोय. त्यातला एक नुसता १ डीबीने जोरात असला तरी तोच "जास्त डिटेल्ड" वाटतो, जोरात आहे असं वाटतच नाही, चांगला आहे असं वाटतं, घोळ इथेच आहे. साधा मल्टिमीटर घ्या, एसी व्होल्टवर ठेवा, १०० हर्ट्झचा टोन लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा (प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका, अँपचं वाटोळं होईल). एकाला २.०० व्होल्ट आणि दुसऱ्याला २.२६ आले तर तो १ डीबीचा फरक झाला. २.०० आणि २.०२ पर्यंत आणा, मग ऐका. आणि ऐकताना कुठला चालू आहे ते तुम्हाला माहीत नको, घरातल्या कोणालातरी अदलाबदल करायला बसवा. आमच्याकडे भाचीला बसवलं होतं, तिने तीन वेळा काहीच बदललं नाही आणि मी तिन्ही वेळा फरक सांगितला. गोरा मोरा झालो होतो.

हे माझंच होतं असं नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या आवाजाच्या संशोधकांनी १९९४ साली हेच स्पीकरवर करून बघितलं, तेच स्पीकर, आधी पडद्याआड आणि मग समोर दिसत असताना. दिसत असताना लोकांचं मत स्पीकरच्या रूपाकडे आणि नावाकडे झुकलं, आणि ऐकणाऱ्यांत अनुभवी लोकही होते. म्हणजे तो निकाल एकट्या कानाचा नव्हताच, डोळ्यांनीही मत घातलं होतं त्यात.

माईक आणला की ग्राफचा भक्त होणे

माईक परत देण्याआधी मी सगळ्यात मोठा गाढवपणा केला. सोफ्यावरचा ग्राफ २० हर्ट्झपासून २० हजारपर्यंत इक्वलायझरने (हवे ते सूर कमी-जास्त करायचं साधन) फूटपट्टी लावल्यासारखा सपाट केला आणि फोटो काढून मित्रांना पाठवला. मग हार्मोनियम लावली. पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखी वाजत होती, टाळ तर कानात टोचत होते. तरी मी चार दिवस "कानाला सवय होईल" म्हणत ऐकलं कारण ग्राफ इतका सुंदर होता ना!

झालं काय होतं, तर चांगला स्पीकर समोरून मोकळ्या जागेत सपाट असला तरी खोलीत बसून मोजला की ग्राफ वरच्या सुरांकडे उतरताच येतो, कारण बास सगळीकडे पसरतो, वरचे सूर समोरच्या दिशेला जास्त जातात आणि पडदे-गाद्या त्यांना खातात. ब्रुएल अँड केअर या मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीने १९७४ लाच खोलीतल्या ग्राफसाठी असा उतरता टार्गेट दिला होता. मी तो उतार सपाट करायला ट्रेबल (वरचे सूर) नाहक चढवला. आता मी इक्वलायझर २००-३०० हर्ट्झच्या खालीच वापरतो, तिथे खोलीचं राज्य असतं. त्याच्या वर स्पीकर आवडत नसेल तर स्पीकर बदला किंवा गालिचा टाका, व्हिट्रिफाइड टाइल्स आणि काचेचं सरकतं दार असलेल्या हॉलमध्ये एका गालिच्याने जो फरक पडतो तो इक्वलायझरच्या स्लायडरने पडत नाही.

ग्राफमधला खड्डा भरायचा मोह पण आवरा. सुळका कापता येतो, खड्डा भरता येत नाही. खड्डा म्हणजे थेट येणारा आणि भिंतीवरून परतलेला आवाज एकमेकांना मारतायत, तुम्ही जास्त सोडलं की परतणाराही तेवढाच वाढतो. १० डीबी चढवायला अँपला १० पट पॉवर द्यावी लागते, वूफर (स्पीकरमधला बासचा मोठा पडदा) बाहेर यायला बघतो आणि खड्डा तिथल्या तिथे. स्पीकर किंवा सोफा सरकवा.

मोजताना पंखा बंद करा, एसी पण. हे सांगायला नको खरं तर, पण मी पहिले दोन ग्राफ पंख्याखाली काढले होते आणि खालच्या सुरांना नुसतं गवत उगवलेलं. माईकही एकाच जागी ठेवून निकाल देऊ नका, डोक्याभोवती फूटभर इकडेतिकडे चार-पाच ठिकाणी घ्या आणि सरासरी काढा, ऐकताना आपण मान खिळवून थोडीच बसतो. फोनच्या माईकवर बासचा विश्वास ठेवू नका, बहुतेक फोन खालचे सूर मुद्दाम कापतात.

आणि डॅकचा सिनॅड (सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचा आकडा) ११० आहे की १२० यावर रात्र रात्र भांडणाऱ्यांनी एकदा आपल्या डोक्यावरचा पंखा ऐकावा. त्याच पैशात गालिचा येतो.

इथे कान पुरतो, माईक नको

एका स्पीकरची वायर उलटी लागली तर बास पातळ होतो आणि मधोमध गाणारा गवई कुठे बसलाय तेच कळत नाही, दोन्ही कानांना खेचल्यासारखं वाटतं. एका स्पीकरची लाल-काळी उलटून बघा, ज्यात गवई मधोमध येतो ते बरोबर. वायर भिंतीत गेली असेल तर अँपकडून ती सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस असेल तर वूफर बाहेर येतो.

गुंई आवाज येतोय? एकेक केबल काढत जा. टीव्हीची सेट-टॉप बॉक्सवाली केबल काढल्यावर थांबला तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) आहे. प्लगची अर्थिंगची पिन मोडून हा आवाज घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जीवावर बेतेल.

रात्री हळू आवाजात बास गेल्यासारखा वाटला तर काही बिघडलेलं नाही, फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलंय की आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे सूर आधी कमी पडतात. त्यासाठी सब (सबवूफर, खास बासचा स्पीकर) विकत घेऊ नका, शेजारी आधीच वैतागलेत.

आता आमच्या सोफ्याचं. हिशोबाने तो भिंतीपासून ४ फूट पुढे हवा होता, तिथे ७० चा घुमारा जवळजवळ मरतो. आईने अर्थातच साफ नाही सांगितलं, मधोमध सोफा म्हणजे काय रेल्वेचा वेटिंग रूम आहे का. अडीच फुटांवर तडजोड झाली, त्यात ५ डीबी उतरले, ४ डीबी इक्वलायझरने कापले, बाकी सोडून दिलं. बाबांना बोलावलं, तोच ख्याल, यावेळी तंबोरा मागे शांत बसला आणि गवई पुढे आला, जवारी पण सुटी ऐकू यायला लागली. बाबा पूर्ण विलंबित ऐकून उठले.

फक्त गुडघ्यामुळे त्यांना सोफा खोल पडतो, म्हणून हल्ली ते मागच्या भिंतीला लाकडी खुर्ची लावून बसतात आणि दर वेळी सांगतात, "अजून थोडा घुमतोय रे." तिथे ७ डीबी आहेतच, घुमणारच.