पायथनच्या कासवाला मराठी हुकूम

पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणारं ‘टर्टल’ (पडद्यावर कासव चालवून चित्र काढायचं साधन) शिकवताना सहावी-सातवीच्या मुलांना कोन आणि अंतर पटकन समजतं, पण ‘फॉरवर्ड’चं स्पेलिंग छळतं. त्यावर उपाय म्हणजे हुकमांना मराठी टोपणनावं देणं. पायथन 3 मध्ये नावं देवनागरीत चालतात. फॉरवर्ड, डेफ, ग्रीन असे पायथनचे मूळ शब्द खाली उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. कॉम्प्युटरवर ते रोमन लहान अक्षरांतच टाइप करायचे.

फ्रॉम टर्टल इम्पोर्ट *
पुढे = फॉरवर्ड
मागे = बॅक
उजवीकडे = राइट
डावीकडे = लेफ्ट
पेन_वर = पेनअप

उजव्या बाजूला कंस नाही, हे नीट बघा. कंस लावला की हुकूम तिथेच बजावला जातो. ‘पुढे = फॉरवर्ड(100)’ लिहिलंत, तर कासव लगेच 100 पावलं चालतं आणि ‘पुढे’च्या हाती काहीच उरत नाही. मग खाली पुढे(50) आलं की ‘नन-टाइप कॉलेबल नाही’ अशी एरर येते. टर्टलमधला छोटा ‘एफडी’ही फॉरवर्डला असंच जोडलेलं दुसरं नाव आहे.

नुसतं नाव बदलून भागत नसेल, ठरलेलं मापही आत हवं असेल, तर डेफ वापरा; त्याने आपला नवा हुकूम बनवता येतो. नाशिकच्या मुलांसमोर उदाहरण द्राक्षाच्या घडाचंच घ्यावं:

डेफ द्राक्ष(रंग="ग्रीन"):
    डॉट(26, रंग)

डेफ रांग(किती):
    फॉर क्र इन रेंज(किती):
        द्राक्ष()
        पुढे(30)
    मागे(30 * किती - 15)
    उजवीकडे(90)
    पुढे(26)
    डावीकडे(90)

आता पेन_वर(), मग रांग(5), रांग(4) असं रांग(1) पर्यंत. 15 मण्यांचा घड तयार. वजा 15 मुळे पुढची रांग अर्धा मणी आत सरकते; ते विसरलात तर घडाऐवजी तिरकी शिडी होते. काळी द्राक्षं हवी असतील तर ‘ग्रीन’च्या जागी ‘पर्पल’.

फॉर, इफ, डेफ यांना मात्र टोपणनाव देता येत नाही. ते हुकूम नव्हेत, भाषेचं व्याकरण आहे; ‘परत = फॉर’ लिहिलं की थेट सिंटॅक्स एरर.

सगळ्यात चिवट चूक कीबोर्डमधून येते. ‘दुसऱ्या_रांगेत’ या नावातला ‘ऱ्य’ काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून काढतात. डोळ्याला फरक दिसत नाही, पण ते चिन्ह पायथन नावात चालवून घेत नाही. नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ टाइप करा, नाहीतर ‘रांग2’ असं बिनाकटकटीचं नाव ठेवा. आकडा नावाच्या सुरुवातीला नको. हिशेबातले आकडेही 1, 2, 3 असेच हवेत. कोडमध्ये देवनागरी आकडे टाकले की एरर येते. गंमत म्हणजे इनपुटमध्ये कुणी देवनागरीत शंभर टाइप केले, तर टाइप केलेल्याची संख्या करणारं इंट() ते बिनतक्रार वाचतं.

‘पुढे = 100’ असं चुकून कुठे लिहू नका, टोपणनाव पुसलं जातं. फाइल यूटीएफ-8 मध्ये (देवनागरी अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह करा आणि तिचं नाव ‘टर्टल’ ठेवू नका. तसं ठेवलं तर इम्पोर्टच्या वेळी पायथन खरं टर्टल सोडून तुमचीच फाइल उघडतो, आणि फॉरवर्ड सापडत नाही म्हणून सांगतो.