गावाच्या जुन्या नळाचा माग कसा काढावा

आधी हौद गाठा, कागद नंतर. हौदात पाणी पडायचं ते तोंड शोधा आणि तिथून डोंगराकडे उलटं चालत जा. एप्रिल-मे उत्तम. गवत वाळलेलं असतं. त्यात मध्येच हिरवा पट्टा दिसला तर खाली खापरी (भाजलेल्या मातीचा) नळ झिरपत असण्याची शक्यता मोठी. वाटेत चुन्यात बांधलेले मनोरे किंवा उच्छ्वास (नळातली हवा बाहेर सोडणारी बांधकामं) लागतात. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) नहरींवर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या वाटांवर, आणि पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात आणलेल्या नळावर ते आजही पाहता येतात. आत उतरू नका. कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो.

बहुतेकांची चूक पुढे होते. मध्ये चढ आला की ‘पाणी वर कसं जाणार’ म्हणून माग सोडला जातो. दगडी पाटाला सलग उतार लागतो हे खरं, पण बंद खापरी नळातलं पाणी दाबाने चढतं. पुढच्या मनोऱ्यातली पाण्याची पातळी मागच्यापेक्षा थोडी खाली असली की झालं. म्हणून जमिनीचा उतार सोडा, मनोऱ्यांच्या माथ्यावरच्या कुंड्यांची उंची मोजा. गवंड्याचा लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) पुरतो: टप्प्याटप्प्याने पातळी पुढे न्या, प्रत्येक फरक वहीत लिहा. पाइपात बुडबुडा राहिला तर माप हमखास चुकतं. दर टप्प्याआधी दोन्ही तोंडं शेजारी धरून पाणी जुळतं का ते पाहा.

नळ बंद का पडला, तेही जागेवर कळतं. फुटका तुकडा मिळाला तर आत चुन्याचा थर किती आहे ते मोजा. वड-पिंपळाची मुळं सांध्यातून शिरलेली आहेत का पाहा.

आता कागद. मुंबई इलाख्यातल्या गावासाठी कॅम्पबेलचं जिल्हा गॅझेटियर (ब्रिटिश काळातला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ) उघडा. मराठवाडा निजामाकडे होता, तो त्यात नाही. तिथले जुने दस्त बरेचदा उर्दूत मिळतात. नगरपालिकेची ठरावपुस्तकं मागा. मोडी वाचणारा सोबत हवा. मिळाली नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. 1977 नंतरची योजना असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या (पाणीयोजना करणारी सरकारी संस्था) कार्यालयात विचारा; 1997 पर्यंत त्याचं नाव पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ होतं, त्यामुळे जुन्या फायली त्याच नावाने शोधा.

मंजुरीचं साल आणि नळाला पाणी आल्याचं साल वेगळं नोंदवा. दोन्हींत अनेक वर्षांचं अंतर असू शकतं, आणि कोनशिलेवर यांतलं एकच असतं.